सात बेटांचा पट

संगणकावरील खेळ म्हटला कीं आमचे कांहीं व्यवसायबंधु कपाळास आठ्या घालतात. परंतु नगर वसविण्याच्या खेळासाठीं जो विद्यार्थी स्वतःच भूपट रचूं पाहतो, त्यास जितका भूगोल शिकावा लागतो, तितका आमच्या तासाला क्वचितच शिकला जातो. उदाहरणादाखल जुनी मुंबई घेऊं : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी व माहीम हीं सात बेटें.

इ. स. २०१५ मध्यें निघालेल्या ‘सिटीज स्कायलाइन्स’ या खेळांत भूमीची उंची एका करड्या चित्रावरून घेतली जाते. चित्राच्या प्रत्येक बाजूस १०८१ ठिपके व दोन ठिपक्यांमध्यें १६ मीटर. म्हणजे सारा मुलूख १७.२८ किलोमीटर लांब व तितकाच रुंद. सातही बेटें त्यांत मावतात. काळ्या रंगापासून पांढऱ्यापर्यंत १०२४ मीटर उंची बसवावयाची असते. आठ बिटांच्या चित्रांत छटा अवघ्या २५६, तेव्हां एकेक पायरी चार मीटरांची होते. आणि मुंबईस उधाणाच्या दिवशीं भरती-ओहोटींतील अंतरही चार मीटरांहून अधिक असतें! ज्या उथळ खाड्यांनीं बेटें वेगळीं राहिलीं, त्या एका पायरींतच गडप होतील. यास्तव सोळा बिटांचेंच चित्र घ्यावें.

उंचीचे आंकडे फेब्रुवारी २००० मधील अंतराळयानाच्या रडार-मोजणींतून विनामूल्य मिळतात. मात्र दाट वस्तींत रडारनें जमीन पाहिली नाहीं, पुष्कळदां छपरेंच पाहिलीं. शिवाय भर घालून केलेली नवी जमीन त्यांत आहेच.

म्हणून जुने नकाशे पारदर्शक करून आजच्या नकाशावर ठेवावे लागतात. ‘क्यूजीआयएस’ या मोफत साधनानें हें काम उत्तम होतें. लॉटन यांची १८६५ ते १८७२ ची मोजणी बारकाव्यांत अप्रतिम आहे. पण तत्पूर्वींच वरळीची खिंड बुजली होती, कुलाब्याचा बांध १८३८ त व माहीमचा १८४५ त झाला होता. ती टेकड्या, तलाव व रस्ते यांसाठीं घ्यावी. बेटांच्या किनाऱ्यासाठीं तिच्याहून जुने नकाशे शोधावे.

एक नकाशा दुसऱ्यावर बसवितांना खुणा न हलणाऱ्या हव्यात. किनारा ही खूण नव्हेच. वरळी, शिवडी व माहीम येथील किल्ले, तसेंच १७१८ त उघडलेलें सेंट थॉमस चर्च, हीं ठिकाणें विश्वसनीय. नांवावर मात्र विसंबूं नये : मुंबादेवीचें देऊळच मूळ जागेवरून हलविलेलें आहे! सर्व खुणा एका ओळींत घेतल्यास नकाशा वेडावांकडा ताणला जातो. त्या चहूंकडे पसरलेल्या असाव्या.

इतकें करूनही थर जुळत नाहींत तेथें खरा अभ्यास सुरू होतो. पाठ्यपुस्तकांतील सात बेटांचें सुबक चित्र हें पुष्कळ अंशीं मागाहून जुळविलेलें आहे. ओहोटीस कित्येक ठिकाणीं माणसें चिखलांतून चालत जात. पायधुणी व उमरखाडी हीं नांवें त्या पाण्याचीच आठवण आहेत. खेळांतील समुद्रास मात्र रोजची ओहोटी नाहीं. त्याची पातळी मूळची ४० मीटरांवर धरलेली असते. तेव्हां भरतीची रेषा त्या पातळीवर धरावी, आणि उमरखाडीची जमीन तिच्याखालीं मीटर-दीड मीटरच ठेवावी.