चित्रकथांची निगा

ज्या वस्तूला फार पैसे पडत नाहीत, ती जपण्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. सोन्याच्या अंगठीसाठी डबी असते, डबीसाठी पेटी असते आणि पेटीला कुलूप असते. परंतु थोडक्या पैशांत घेतलेले चित्रकथेचे पुस्तक वाचून झाले की खाटेखाली जाते, नाही तर रद्दीच्या गठ्ठ्यात. वास्तविक घरातील सर्वांत अधिक हातांतून गेलेले पुस्तक तेच असते. ते दादाने वाचलेले असते, ताईने वाचलेले असते, शेजारच्या मुलांनी मागून नेलेले असते. ज्याने इतक्यांना आनंद दिला, त्याची निगा मात्र कोणीच राखीत नाही.

मराठी मुलांच्या हाती अशी पुस्तके येऊ लागली, त्याला आता बराच काळ लोटला आहे. चित्रांनी नटलेले ‘चांदोबा’ मासिक १९५२ साली मराठीत निघाले. १९६४ साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झाले आणि वेताळ व जादूगार मँड्रेक घरोघरी पोहोचले. १९६७ साली अनंत पै यांच्या संपादनाखाली ‘अमर चित्रकथा’ निघू लागल्या. १९७१ साली पुण्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने ‘किशोर’ मासिक सुरू केले. यांपैकी ‘इंद्रजाल’ १९९० साली बंद पडले आणि ‘चांदोबा’ही आता निघत नाही. याचा अर्थ असा की, त्यांचे जे मूळ अंक आज शिल्लक आहेत, त्यांत भर पडणे नाही. एखादा अंक कसरीने खाल्ला की ती संख्या एकाने उणी होते, ती कायमची.

अमेरिकेत असेच घडले. सुपरमॅनची पहिली कथा १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात छापली गेली. त्या अंकाची किंमत अवघी दहा सेंट होती. मुलांनी तो वाचला आणि टाकून दिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यांतही अशी असंख्य पुस्तके गेली. आज त्या अंकाच्या फार थोड्या प्रती उरल्या आहेत. त्यांतील एक उत्तम स्थितीतील प्रत २०१४ साली ३२ लाख डॉलरना विकली गेली. ही किंमत कागदाची नव्हे; कोणीतरी तो कागद जपला, त्याची ती किंमत आहे.

चित्रांतून गोष्ट सांगण्याचे मोल सातारा जिल्ह्यातील औंध या गावी फार पूर्वीच ओळखले गेले होते. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. त्यांनी रामकथेवर चित्रे काढून १९१६ साली ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध केले. पुढे १९३८ साली त्यांनी आपला चित्रांचा व कलावस्तूंचा संग्रह ठेवण्यासाठी औंधच्या डोंगरावर संग्रहालय उभारले. राजाच्या चित्रांना असे घर मिळाले. मुलांच्या चित्रकथांना मात्र स्वतंत्र घर क्वचितच मिळते. त्यांना आपल्याच घरातील एखाद्या कोपऱ्यात जागा करून द्यावी लागते. तो कोपरा कसा असावा, हे कळण्यासाठी आधी कागदाचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे.

स्वस्त चित्रकथांचा कागद बहुधा लाकडाचा भुसभुशीत लगदा करून बनविलेला असतो. त्या लगद्यात लिग्निन नावाचे द्रव्य राहून जाते. प्रकाश व हवा यांच्या योगाने ते पिवळे पडते. कागदात आम्लता वाढते आणि तो ठिसूळ होऊन घडीवर तुटू लागतो. जुन्या वर्तमानपत्राचे पान हाती घेतले की हे कोणाच्याही ध्यानात येईल. उष्णता वाढली की हा बिघाड लवकर होतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता बराच काळ शेकडा ६५ हून अधिक राहिली, तर बुरशी धरते. पाठीवरील लोखंडी पिना ओलीने गंजतात आणि त्यांचा तांबूस डाग मधल्या पानांवर उतरतो. चिकट बोटांचे डाग, खाऊचे कण आणि पुस्तक बांधताना लावलेली खळ यांच्या वासाने झुरळे व कसर येतात. भिंतीतून वाळवी येते. कागदाचे शत्रू थोडेथोडके नाहीत. परंतु ते सर्व ठिकाणी सारखे नसतात. प्रत्येक गावचा शत्रू निराळा असतो.

सातारा आणि सांगली या शेजारच्या दोन जिल्ह्यांकडेच पाहावे. साताऱ्याच्या पूर्वेस माण व खटाव हे तालुके आहेत. औंध खटाव तालुक्यातच आहे. तेथे पाऊस बेताचा पडतो आणि उन्हाळा कडक असतो. तेथील मुलाने आपली पुस्तके पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवली, तर बुरशीचे भय थोडे. पण चैत्र-वैशाखातील उष्णतेने कागद करपल्यासारखा होईल. अशा ठिकाणी घरातील सर्वांत थंड खोली निवडावी आणि खिडकीतून ऊन जेथे येत नाही, अशा बाजूस पुस्तके ठेवावीत.

जिल्ह्याच्या पश्चिमेस मात्र सारेच उलट आहे. महाबळेश्वराला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच डोंगरांत, पाचगणीजवळ, भिलार हे स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून जाहीर झाले. वेल्समधील हे-ऑन-वे या गावावरून ही कल्पना सुचली. भिलारच्या गावकऱ्यांनी आपल्या घरांतील खोल्या पुस्तकांसाठी मोकळ्या केल्या; त्यांत बालवाङ्‌मयही आहे. धुके दारातून आत येते अशा मुलखात पुस्तके ठेवावयाची, म्हणजे ओलीशी रोजचा सामना आला. अशा ठिकाणी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. मध्ये चार बोटे तरी जागा सोडावी, म्हणजे वारा खेळतो. सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर उंच असावा. पुस्तके दाटीवाटीने कोंबू नयेत. पावसाळ्यात ज्या दिवशी उघडीप मिळेल, त्या दिवशी कपाटाची दारे घटकाभर उघडी ठेवावीत.

डोंगरावरचा हा पाऊस डोंगरावरच राहत नाही. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा कराडला कोयनेचे पाणी घेते आणि पुढे सांगलीस येते. सांगलीचा आयर्विन पूल म्हणजे तिच्या पाण्याची मोजपट्टीच होय. तेथे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा दिला जातो आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर चढले. सांगलीच्या नगर वाचनालयातही ते शिरले आणि कित्येक वर्षे जमविलेले ग्रंथ चिखलात गेले. जेथे एका ग्रंथालयाची ही दशा झाली, तेथे पलंगाखालच्या खोक्यातील चित्रकथांची काय कथा! नदीकाठच्या घरात म्हणून एकच नियम पहिला: पुस्तके उंचावर असावीत आणि ती एकाच खेपेत उचलून नेता येतील अशा लहान, झाकणाच्या पेट्यांत असावीत. मोठी पेटी भरलेली असली की मुलाला उचलत नाही, आणि पुराच्या वेळी मोठ्या माणसांचे हात रिकामे नसतात. आधी माणसे, मग जनावरे, मग धान्य; पुस्तकांची पाळी त्यानंतर येते, आणि ते योग्यच आहे. यास्तव त्यांची सोय पाणी चढण्यापूर्वीच झालेली असली पाहिजे.

स्थळ ठरल्यावर प्रश्न येतो तो मांडणीचा. आपल्या पूर्वजांनी पोथ्या कशा जपल्या, हे येथे आठवावे. पोथीच्या वर व खाली लाकडी फळी ठेवून ती सुती रुमालात घट्ट बांधीत. पाणी, तेल आणि सैल बांधणी यांपासून पोथी राखावी, अशी विनंती नकल करणारे लेखनिक पोथीच्या अखेरीस करीत. चित्रकथेलाही हेच तीन नियम पुरतात. ती पातळ असल्यामुळे एकटी उभी ठेवली की वाकते. म्हणून मागे जाड, स्वच्छ पुठ्ठा लावावा आणि अंक पेटीत सरळ उभे ठेवावेत. आडवे ठेवावयाचे असल्यास चवड वीतभरापेक्षा उंच करू नये. नाही तर खालच्या अंकांच्या पाठी दबतात. मोलाचा अंक पारदर्शक पिशवीत घालावा, परंतु दमट हवेत तिचे तोंड चिकटवून बंद करू नये. आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही आणि पिशवीच अंकाची वैरी ठरते. ज्या मऊ प्लास्टिकला उग्र वास येतो, ते वापरू नये.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावण्याचा मोह फार होतो. काही वर्षांनी ती पट्टी सुटते, तिचा डिंक मात्र कागदात उतरून पिवळा डाग पाडतो. त्यापेक्षा गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि पातळ पांढऱ्या कागदाची चिंचोळी पट्टी वापरावी आणि ती पूर्ण सुकू द्यावी. गंजलेल्या पिना मोठ्या माणसांकडून अलगद काढवून घेऊन त्याच छिद्रांतून सुती दोरा ओवावा. कडुनिंबाची पाने ठेवावयाची असतील, तर ती पूर्ण वाळलेली असावीत. ओल्या पाल्याने बुरशीलाच आमंत्रण मिळते. डांबराच्या गोळ्यांची वाफ माणसालाही अपायकारक असते, म्हणून निजावयाच्या खोलीत त्या ठेवू नयेत. पुस्तके उन्हात घालण्याची चालही सोडलेली बरी. त्यांना हवा हवी असते, ऊन नव्हे.

इतके करूनही एखाद्या वर्षी पाणी घरात येतेच. अशा वेळी भिजलेला अंक फेकून देण्याची घाई करू नये. इटलीतील फ्लॉरेन्स शहरात ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर शिरला आणि तेथील ग्रंथालयांतील लक्षावधी पुस्तके चिखलात बुडाली. तेव्हा देशोदेशींचे तरुण धावून आले. त्यांनी हातोहात पुस्तके वर काढली आणि पानापानांत टीपकागद घालून ती वाळविली. घरीही तेच करावयाचे असते. ओली पाने ओढून सोडवू नयेत. थोड्या थोड्या पानांमागे टीपकागद किंवा छपाई नसलेला कोरा कागद घालावा, तो भिजताच बदलावा आणि अंक सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर ठेवावा. चकचकीत कागदाची पाने सुकली की एकमेकांना कायमची चिकटतात, म्हणून तो अंक आधी हाती घ्यावा. दोन दिवसांत बुरशी धरू लागते. तेवढ्या अवधीत सर्व अंक वाळणे शक्य नसेल, तर उरलेले पिशवीत घालून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. तेथे बुरशी वाढत नाही आणि सवडीने एकेक अंक वाळविता येतो. पुराचे पाणी घाण असते. म्हणून हे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून करावे.

या साऱ्याला पैसा फारसा लागत नाही. लागते ती नियमितपणाची सवय. दसऱ्याला घरोघरी सरस्वतीपूजन होते आणि पुस्तके देवापुढे मांडली जातात. पावसाळा तेव्हा संपत आलेला असतो. पूजेपूर्वी प्रत्येक अंक एकदा उघडून पाहावा, कोरड्या मऊ फडक्याने पुसावा, पेटीचे कोपरे झाडावेत. दुसरी तपासणी मृगाच्या पावसापूर्वी करावी. एका वहीत अंकाचे नाव, क्रमांक, वर्ष आणि तो कोणास वाचावयास दिला, हे लिहीत जावे. ज्या संग्रहाची यादी नाही, त्यातून काय हरवले, हेही कळत नाही.

वहीतील ‘कोणास दिला’ हा रकाना रिकामा मात्र राहू नये. कोणी हातच लावू नये अशा बंदोबस्तात ठेवलेली चित्रकथा सुरक्षित असेल, पण ती मुकी होते. हात धुऊन, पान कोपऱ्यातून न दुमडता, जेवताना पुढ्यात न घेता ती वाचणाऱ्याला ती अवश्य द्यावी. अशा दहा वाचकांनी पुस्तकाचे जेवढे बिघडत नाही, तेवढे एका पावसाळ्यात उघड्यावर पडल्याने बिघडते. आपल्या आधीच्या कोणी तरी आठवणीने माळ्यावरून उतरवून ठेवले, म्हणून वेताळाचा एखादा जुना अंक आज आपल्या हाती येतो. आपल्या हातून तो पुढच्या मुलाकडे धडपणे जाईल की नाही, हे आता आपल्यावर आहे.

अभ्यास

१. ‘इंद्रजाल’चा एक अंक नाहीसा झाला तर ती हानी कायमची का ठरते?
२. खटाव, भिलार आणि सांगली येथील कागदाचे शत्रू कोणते? प्रत्येक ठिकाणी कोणती काळजी घ्यावी?
३. कारणे द्या: (अ) फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. (आ) दमट हवेत पिशवीचे तोंड बंद करू नये. (इ) पेट्या लहान असाव्यात.
४. पोथी जपण्याची पद्धत आणि चित्रकथा जपण्याची पद्धत यांतील साम्य सांगा.
५. ‘ती मुकी होते’ या शब्दांतून लेखकाला काय सुचवावयाचे आहे?
६. आपल्या घरातील पुस्तके कोठे ठेवली आहेत ते पाहा. तेथे ऊन, ओल, उष्णता आणि कीड यांपैकी कशाचे भय आहे, ते आठ-दहा ओळींत लिहा.