वऱ्हाडातील लहान घरमालक आणि किरायाचा कायदा

घरमालक म्हटला की कथा-कादंबऱ्यांतला आणि चित्रपटांतला एक ठराविक इसम डोळ्यांपुढे उभा राहतो. पोट सुटलेले, तोंडात पान, आणि पहिल्या तारखेला दारावर थाप. अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांतून हिंडताना हा इसम मला क्वचितच भेटला. आपल्याकडचा घरमालक बहुधा निवृत्त शिक्षक असतो, एस.टी.तून निवृत्त झालेला वाहक असतो, किंवा पतीच्या मागे समोरच्या दोन खोल्यांच्या उत्पन्नावर घर चालविणारी बाई असते. अर्ध्या घरात स्वतः राहायचे आणि अर्ध्यात बिऱ्हाड ठेवायचे, ही इकडची रीत. मालक आणि किरायेदार एकाच नळावर पाणी भरतात. त्यामुळे त्यांच्यातला तंटा हा भांडवलदार आणि श्रमिक यांचा तंटा नव्हे. दोन बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांचा तंटा आहे. प्रस्तुत लेखात त्याची कायदेशीर बाजू पाहावयाची आहे, कारण माझ्या मते या तंट्याचे मूळ माणसांच्या स्वभावापेक्षा एका जुन्या कायद्याने लावलेल्या सवयीत अधिक आहे.

किरायाचा विषय वऱ्हाडाला तसा नवा नाही. 1902 च्या करारान्वये निजामाने हा सबंध प्रांतच इंग्रज सरकारला कायमच्या पट्ट्याने दिला आणि वर्षाचा किराया 25 लाख रुपये ठरला. त्या किरायेदाराने 1947 पर्यंत जागा सोडली नाही, हा भाग वेगळा!

महाराष्ट्र राज्य 1960 मध्ये स्थापन झाले, तरी घरभाड्याच्या बाबतीत ते पुढे जवळजवळ चाळीस वर्षे एक झाले नव्हते. मुंबई-पुण्याकडे 1947 चा मुंबई भाडे कायदा, मराठवाड्यात हैद्राबादचा 1954 चा कायदा, आणि आपल्या विदर्भात मध्यप्रांत व वऱ्हाडचा 1949 चा घरभाडे नियंत्रण आदेश. हा आदेश 1946 च्या एका अधिनियमाखाली निघाला होता. युद्धानंतरची घरांची टंचाई हे त्याचे कारण. टंचाईत सापडलेल्या माणसाला रस्त्यावर काढता येऊ नये हा हेतू योग्यच होता, त्याबद्दल वाद नाही.

या आदेशाचे तेरावे कलम मात्र सर्वांच्या लक्षात राहिले. घरमालकाला बिऱ्हाड काढायचे असेल तर त्याने थेट दिवाणी न्यायालयात जायचे नाही. किरायेदाराला नोटीस देण्यापूर्वीच भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यायची. तीन महिन्यांचा किराया थकला, मालकाच्या संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवला, मालकाला स्वतःला राहावयास जागा हवी, अशी ठराविक कारणे त्यासाठी सिद्ध करावी लागत. परवानगी मिळाली तर त्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील. तेथून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे अर्ज. हे सारे संपले म्हणजे नोटीस, आणि मग खरा दावा सुरू होणार तो दिवाणी न्यायालयात, त्याच्या स्वतंत्र अपिलांसह! म्हणजे एका जागेसाठी दोन लढाया. मोठा मालक वकील ठेवून दोन्ही लढू शके. दोन खोल्यांच्या मालकिणीने काय करावे?

आदेशात आणखी एक तरतूद होती. घर रिकामे होणार असल्याचे कळताच सात दिवसांत सरकारला कळवायचे आणि सरकारने सांगितले तर ते सरकारी नोकराला द्यायचे. ज्या मालकाला आपल्याच खोलीत कोण येणार हे ठरविता येत नाही, तो खोली रिकामी आहे असे सांगेल कशाला?

यातून लहान घरमालकाने एक धडा घेतला : कागद करू नये. पावती दिली की किरायेदारी सिद्ध होते आणि ती सिद्ध झाली की तेरावे कलम आडवे येते. म्हणून पावती नको. करार करायचाच तर अकरा महिन्यांचा. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदवावा लागतो, असे 1908 चा नोंदणी कायदा सांगतो; अकरा महिन्यांत ते टळते. किरायेदारालाही याची सवय झाली. दोघांचा व्यवहार तोंडी, आणि भरवसा शेजारधर्मावर.

सर्वोच्च न्यायालयाने 19 डिसेंबर 1997 रोजी मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात, मुंबई कायद्यातील वर्षानुवर्षे गोठविलेली भाडी आता अन्यायाची झाली आहेत, असे मत दिले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 झाला आणि 31 मार्च 2000 पासून तिन्ही जुने कायदे रद्द होऊन सगळ्या राज्याला एकच कायदा लागू झाला. भाडे नियंत्रकाच्या परवानगीची पायरी गेली. जे अर्ज तेव्हा प्रलंबित होते ते मात्र जुन्याच पद्धतीने चालले.

नव्या कायद्याने उलटा धडा दिला आहे आणि आपल्या गावांत तो अद्याप पुरता पोचलेला नाही, असे माझे निरीक्षण आहे. कलम 55 सांगते की भाडेकरार असो वा राहण्याच्या परवानगीचा करार असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे. मुदत अकरा महिन्यांची असली तरीही सूट नाही. नोंदणीची जबाबदारी मालकावर. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षेपेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे वाक्य : करार नोंदविलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत किरायेदाराचे म्हणणे खरे धरले जाते, आणि ते खोटे असल्यास तसे मालकाने सिद्ध करावयाचे. पूर्वी कागद मालकाला बांधून टाकी; आता कागद नसणे त्याला बांधते. तरीही कचेरीसमोरच्या टपरीवर पाचशेच्या स्टँपवर अकरा महिन्यांचा मजकूर टंकून दोघे सह्या करतात आणि निर्धास्त होतात.

एक उदाहरण घेऊ. खोलीचा किराया 3000 रुपये आहे. कलम 24 प्रमाणे राहण्यासाठी परवानगीचा करार लेखी केला, नोंदविला, आणि मुदत संपूनही राहणारा निघाला नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि पुढच्या प्रत्येक महिन्यास दुप्पट, म्हणजे 6000 रुपये नुकसानी मागता येते. करारात जे लिहिले तो निर्णायक पुरावा. उलट खोली साध्या किरायाने दिली असेल तर थकबाकीसाठी आधी नोटीस, मग नव्वद दिवस थांबणे, आणि दाव्याचे समन्स मिळाल्यावरही नव्वद दिवसांत किरायेदाराने 15 टक्के व्याजासह बाकी भरली तर त्याची जागा शाबूत. मालकाला दरसाल 4 टक्के वाढ घेता येते. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिन्याला 120 रुपये. कूलरच्या उन्हाळ्यातले वीजबिल पाहिले तर ही रक्कम काही डोळ्यांत भरण्याजोगी नाही.

किरायेदाराच्या बाजूनेही हे नीट पाहिले पाहिजे. परवानगीच्या करारात त्याचे हक्क फार थोडे आहेत. मुदत संपली की निघायचे. म्हणून सही करण्यापूर्वी शीर्षक वाचावे. साध्या किरायेदाराला मात्र चांगली हत्यारे आहेत. पावती मागणे हा त्याचा हक्क आहे आणि ती न देणाऱ्या मालकास दिवसाला 100 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गळके छत मालकाने लेखी नोटिशीनंतर पंधरा दिवसांत दुरुस्त केले नाही, तर किरायेदाराने स्वतः करून खर्च किरायातून वळता करावा; मर्यादा वर्षाच्या किरायाच्या एकचतुर्थांश, म्हणजे आपल्या उदाहरणात 9000 रुपये.

पाण्याचा प्रश्न अर्थातच वेगळा. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी, अमरावतीला अप्पर वर्ध्याचे. दोन्हीकडे उन्हाळ्यात नळाची वेळ हाच भांडणाचा मुहूर्त. बिऱ्हाड निघावे म्हणून मोटार बंद ठेवणे हा जुना उपाय आजही ऐकू येतो. कलम 29 प्रमाणे पाणी, वीज, जिना, संडास यांपैकी काहीही वाजवी कारणावाचून तोडणे हा गुन्हा आहे, आणि किरायेदाराला त्यासाठी न्यायालयात दाद मागता येते. माझ्या मते सबमीटरची आकारणी आणि पाण्याची पाळी या दोन गोष्टी करारातच लिहाव्यात. वकील त्या लिहीत नाहीत, कारण छापील नमुन्यात त्या नसतात.

विद्यापीठ 1983 मध्ये अमरावतीला आल्यापासून आणि अकोल्यात कृषी विद्यापीठ 1969 पासून असल्यामुळे, या दोन्ही गावांत खोली घेणाऱ्यांत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा आहे. आपल्यापैकी अनेकांनी जूनमध्ये घरमालकाच्या हाती अनामत रक्कम ठेवली असेल. ती किती, कोणत्या कारणाने कापली जाईल आणि किती दिवसांत परत मिळेल, या तीन ओळी नोंदविलेल्या करारात आहेत की नाहीत, ते खोली सोडण्याआधी पाहून घ्यावे. नसतील तर पुढच्या करारात मालकाला त्या घालावयास सांगावे.