दोन बोटं कमी पडणारी दोरी



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ९ (दामोदर लीला)
आजचा शब्द : दोरी

शब्दाचा अर्थ

'दामोदर' हे नाव आपण सहज घेतो. दाम म्हणजे दोरी, उदर म्हणजे पोट. ज्याच्या पोटाला दोरी बांधली, तो दामोदर. गोठ्यात गाय बांधतात ते आपलं मराठी 'दावं' याच 'दाम'वरून आलं. म्हणजे विष्णुसहस्रनामातलं एक नाव थेट गोठ्यातल्या दाव्याशी जोडलेलं आहे!

रोजची दोरी

मराठीत दोरीला कामाप्रमाणे नाव आहे. गाईला दावं, बैलाच्या नाकात वेसण, हाकणाऱ्याच्या हातात कासरा, मोटेला नाडा. लोण्याचं मडकं टांगायला शिंकं, पुडा बांधायला सुतळी. शहरात गाय नसेल, पण कपडे वाळत घालायची दोरी आहे, दहीहंडीचा दोर आहे, सह्याद्रीत रॅपलिंग करताना कमरेला बांधलेला रोप आहे. कड्यावरून खाली उतरताना त्या रोपला कोणी बंधन म्हणत नाही. तोच तर जीव सांभाळतो!

म्हणजे बांधणं वाईट नाही. कोणी बांधलं आणि कशाला बांधलं, हे महत्त्वाचं.

कथा

यशोदा दही घुसळत होती. दूध उतू जातंय म्हणून ती उठली, कृष्णाला राग आला आणि त्याने मडकं फोडलं. मग उखळावर बसून माकडांना लोणी वाटत बसला. आई काठी घेऊन मागे लागली. पकडल्यावर तो इतका घाबरलेला दिसला, की तिने काठी टाकून दिली आणि बांधायला दोरी घेतली. दोरी दोन बोटं कमी पडली. दुसरी जोडली, तरी दोन बोटं कमी. घरातल्या सगळ्या दोऱ्या झाल्या, तरी तेवढीच कमी! गोपी हसायला लागल्या, यशोदाही हसली.

भागवत सांगतं, ज्याला आत-बाहेर नाही, आधी-नंतर नाही, त्याला ती बांधत होती. तो कसा मावणार? पण आईला घाम फुटलाय, केसांतली फुलं गळताहेत हे त्याने पाहिलं, आणि कृपा करून स्वतःच बांधला गेला.

वैष्णव आचार्य या दोन बोटांचा सुंदर अर्थ सांगतात : एक बोट भक्ताच्या कष्टाचं, एक देवाच्या कृपेचं.

मनन

आपल्यालाही नेमकं हेच जाणवतं, नाही का? अकरा माळा ठरवतो, चारच होतात. पारायण सुरू करतो, तिसऱ्या दिवशी ऑफिसचं काम येतं. ॲपमधली सलग दिवसांची मोजणी तुटते आणि मन म्हणतं, "जाऊ दे, आपल्याच्याने नाही होणार." कितीही केलं तरी दोन बोटं कमीच.

आता दोरी कशी बनते ते बघा. काथ्याचा एक धागा जेमतेम वीतभर. पूर्ण दोराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा एकही धागा त्यात नसतो! आखूड धागे एकमेकांवर ठेवून पीळ दिला, की ते एकमेकांना घट्ट धरतात. ताण आला की पकड आणखी आवळते. मग असे पेड उलट दिशेने एकत्र वळतात, म्हणून दोर उलगडत नाही.

साधनाही तशीच. रोजची पाच-दहा मिनिटं म्हणजे वीतभर धागा. काल तुटला म्हणून आजचा टाकायचा नसतो, कालच्यावर ठेवून वळायचा असतो. यशोदेची कोणतीच दोरी पुरली नाही, पण ती जोडायची थांबली नाही. देवाने दोरीची लांबी पाहिली नाही, तिचा घाम पाहिला.

बंधन कोणतं?

संस्कृतमध्ये 'गुण' म्हणजेही दोरी. गीतेच्या चौदाव्या अध्यायात सत्त्व, रज, तम हे तीन गुण जिवाला देहात बांधतात असं सांगितलंय. चांगला सत्त्वगुणसुद्धा सुखाच्या आसक्तीने बांधतोच. थोडक्यात, आपण आधीच बांधलेले आहोत. प्रेमाची दोरी वेगळी. संत जनाबाईंच्या अभंगात तर विठ्ठलालाच दोर लावून हृदयात कोंडलंय!

आणि पुढच्या अध्यायात बघा, उखळाला बांधलेला हाच कृष्ण उखळ ओढत दोन अर्जुनवृक्षांमधून जातो, झाडं पडतात आणि शापात अडकलेले कुबेराचे दोन मुलगे मोकळे होतात. बांधलेल्यानेच बांधलेल्यांना सोडवलं.

आजचा अभ्यास

१. झेपेल एवढाच नेम ठरवा. एक माळ चालेल.
२. खंड पडला तर मागचा हिशेब न करता तिथूनच पुढे जोडा.
३. झोपताना एक प्रश्न : आज मला कोणत्या दोरीने ओढलं?

प्रार्थना : हे दामोदरा, माझी दोरी आखूड आहे, तुला ठाऊकच आहे. जोडत राहण्याची बुद्धी दे. उरलेलं बोट तुझं.

हरे कृष्ण! 🙏