दह्यातून लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वेगळे कसे करायचे?

चमचाभर विरजणात कोट्यवधी जिवाणू असतात, हे आपल्याला माहीत आहे. पण ते सगळे एकाच जातीचे नसतात. घरच्या दह्यात यीस्टही सापडतं, आणि हाताळताना शिरलेले इतर जिवाणूही. या गर्दीतून हवे ते शोधणं म्हणजे स्क्रीनिंग, म्हणजेच चाळणी. आणि त्यातला एकच प्रकार शुद्ध स्वरूपात बाजूला काढणं म्हणजे आयसोलेशन, विलगीकरण. प्रॅक्टिकलच्या वहीत ही दोन्ही बऱ्याचदा एकच समजून लिहिली जातात, म्हणून आधीच सांगितलं.

आधी थोडा इतिहास. आंबट दुधातलं हे आम्ल १७८० मध्ये शीलेने शोधलं. ते सूक्ष्मजीवांमुळे तयार होतं, हे पाश्चरने १८५७ मध्ये मांडलं. पण यातला एकच जिवाणू शुद्ध स्वरूपात मिळवला तो जोसेफ लिस्टरने, १८७८ च्या सुमारास. तेव्हा आगारची प्लेट नव्हती! त्याने आंबट दूध इतकं विरल केलं, की एका थेंबात सरासरी एखादाच जिवाणू यावा. मग असे थेंब उकळलेल्या दुधाच्या वेगवेगळ्या पेल्यांत टाकले. काही पेल्यांतलं दूध विरजलं, काही तसंच राहिलं. जिथे विरजलं, तिथे एकाच जिवाणूची संतती असण्याची शक्यता मोठी. आज आपण त्याला लॅक्टोकॉकस लॅक्टिस म्हणतो. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण आपलं सीरियल डायल्युशन म्हणजे मुळात तेच.

आता आपली पद्धत. १ मिली घुसळलेलं दही ९ मिली निर्जंतुक सलाइनमध्ये (०.८५ टक्के मीठ) घालायचं, नीट हलवायचं, त्यातलं १ मिली पुढच्या ९ मिलीमध्ये. प्रत्येक वेळी नवीन पिपेट! असं सहा वेळा केलं की दहा लाख पट विरल झालं. त्यातलं ०.१ मिली एमआरएस आगारवर पसरायचं. डी मान, रोगोसा आणि शार्प यांनी १९६० मध्ये हे माध्यम दिलं, त्यांच्या आडनावांवरूनच नाव पडलं. प्लेट उलटी करून ३०–३७ अंशांवर ४८ ते ७२ तास ठेवायची. या जिवाणूंना ऑक्सिजन फारसा लागत नाही, म्हणून प्लेट्स बरणीत ठेवून आत मेणबत्ती पेटवून झाकण घट्ट लावतात. समजा ५२ कॉलनी आल्या. ५२ × १० × १०,००,००० = ५२ कोटी, म्हणजे एका मिली दह्यात इतके जिवाणू.

चाळणीसाठी माध्यमात साधारण १ टक्का कॅल्शियम कार्बोनेट घालतात, म्हणजे खडूचीच भुकटी. ती तळाशी बसते, म्हणून ओतताना फ्लास्क गोल फिरवत राहा. प्लेट दुधाळ दिसते. आम्ल सुटलं की कार्बोनेट विरघळतं आणि कॉलनीभोवती पारदर्शक वलय उमटतं.

इथेच खरी गोची आहे. वलय फक्त आम्ल झालं एवढंच सांगतं; कोणतं आम्ल, ते नाही. ॲसेटिक आम्ल तयार करणारे जिवाणूसुद्धा असंच वलय देतात. म्हणून वलय दिसलं की लगेच 'लॅक्टोबॅसिलस मिळाला' असं लिहू नका. आधी ती कॉलनी दोन-तीनदा स्ट्रीक करून शुद्ध करा. मग ग्रॅम स्टेनिंग: जांभळे दिसायला हवेत. मग कॅटलेज चाचणी: काचपट्टीवर थोडी वाढ घेऊन ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. बुडबुडे आले तर ती बाद करा. यीस्ट आणि ॲसेटिकवाले दोघेही साधारणपणे इथेच गळतात. डरहॅम नळीत वायू जमला, तर जिवाणू लॅक्टिक आम्लासोबत कार्बन डायऑक्साइडही सोडतो. इडलीचं पीठ फुगवणारा ल्युकोनोस्टॉक याच गटातला.

किती आम्ल बनलं, हे टायट्रेशनने कळतं. शुद्ध जिवाणू निर्जंतुक दुधात वाढवा, त्यातले १० मिली घ्या, फिनॉल्फ्थॅलिन घालून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने फिकट गुलाबी होईपर्यंत टायट्रेट करा. १ मिली अल्कली म्हणजे ०.००९ ग्रॅम लॅक्टिक आम्ल. ८ मिली लागले, तर ०.०७२ ग्रॅम, म्हणजे ०.७२ टक्के. जिवाणू न घातलेल्या दुधाचं रीडिंगही घ्या आणि वजा करा, कारण साध्या दुधालाही थोडी अल्कली लागते. अर्थात हे आकडे एकूण आम्लतेचे आहेत. लॅक्टिकच आहे, याची खात्री एचपीएलसीने होते.

सगळ्यात जास्त आम्ल देणारी कॉलनी निवडली, की ती २० टक्के ग्लिसरॉलमध्ये घालून डीप फ्रीजरला ठेवा. नळीवर तारीख, नमुना कुठला आणि कॉलनीचा क्रमांक लिहायचा. आणि तेही पेन्सिलीने किंवा पक्क्या मार्करने, कारण बॉलपेनची शाई दवाने पुसली जाते.