नारिंगी क्रोमिअम, हिरवे क्रोमिअम

सल्फर डायऑक्साइड वायू ओळखण्याची कसोटी तुम्ही प्रयोगशाळेत पाहिली असेल. आम्लयुक्त पोटॅशिअम डायक्रोमेटमध्ये भिजविलेला नारिंगी कागद त्या वायूत धरला की हिरवा होतो. क्रोमिअम मात्र कागदावरच असते. त्याच्या प्रत्येक अणूला तीन इलेक्ट्रॉन मिळून ते षट्संयुजीचे त्रिसंयुजी झालेले असते. आरोग्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

क्रोमेट आयन आकाराने व विद्युत्भाराने सल्फेट आयनासारखा असतो. सल्फेट आत घेणाऱ्या वाटेनेच पेशी त्यालाही आत घेते. तेथे त्याचे क्षपण होताना डीएनएला इजा पोचते. त्रिसंयुजी क्रोमिअमला पेशीत सहज शिरता येत नाही. कातडी कमावण्यासाठी वापरतात ते क्रोमिअम सल्फेट याच प्रकारचे.

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर पट्ट्यात मोठी औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतींत क्रोम प्लेटिंगचे छोटे कारखाने असतात. तेथील टाकीत क्रोमिक आम्ल, म्हणजे षट्संयुजी क्रोमिअम असते. वीजप्रवाह सुरू झाला की हायड्रोजनचे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. वायुवीजन नसेल, तर कामगाराच्या नाकात व्रण होतात. नाकाच्या पडद्याला भोकही पडते. षट्संयुजी संयुगांमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली दिला.

मग सांडपाण्याचे काय करावे? तुमच्या कसोटीतलीच क्रिया! प्रथम आम्लयुक्त पाण्यात हिराकस किंवा सोडिअम बायसल्फाइट घालून क्रोमिअमचे क्षपण करतात. नंतर चुना घातला की क्रोमिअम हायड्रॉक्साइडचा हिरवट साका तळाशी बसतो. पहिली पायरी गाळून नुसता चुना घातला, तर क्रोमेट विरघळलेलेच राहते आणि पाण्याबरोबर नाल्यातून खाडीकडे जाते.

म्हणूनच नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यात एकूण क्रोमिअम लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत चालते. षट्संयुजी मात्र केवळ ०.१ मिलिग्रॅम. एवढ्या अल्प प्रमाणात त्याचा पिवळा रंग डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी डायफेनिल कार्बाझाइड हे अभिकर्मक वापरतात. षट्संयुजी क्रोमिअम असल्यास पाणी जांभळे होते. तेव्हा पाणी स्वच्छ दिसते एवढ्यावरून ते निर्धोक समजू नका. आधी कसोटी, मग निष्कर्ष!