खुनाचा छडा आणि ऐनवेळचा मंत्र

बंद मनोऱ्यात राजज्योतिषाचा खून होतो. दाराला आतून कडी, खिडक्यांना गज, खाली पहारा. तपास एका तरुण मांत्रिकेकडे येतो. अलीकडे वाचलेल्या एका जाडजूड इंग्रजी कादंबरीची ही सुरुवात इतकी पकड घेणारी होती, की मी हातातली बाकीची पुस्तकं बाजूला ठेवली. पहारेकऱ्यांच्या जबान्या, राखेतला अर्धवट जळलेला कागद, विधवेचं खोटं बोलणं, सगळं मनात नोंदवत गेलो. शेवटच्या प्रकरणात उलगडा झाला तो असा, की खुनी भिंतीतून आरपार गेला होता! असा मंत्र त्या जगात आहे, हे त्याआधी एकदाही आलं नव्हतं. कागद आणि जबान्या वाऱ्यावरच राहिल्या.

अशी निराशा नुसत्या कंटाळवाण्या पुस्तकापेक्षा जास्त लागते. रहस्यकथेत वाचकही तपास करत असतो, आणि तपासनिसाला जे दिसलं ते त्यालाही दिसायला हवं. ही अपेक्षा जुनी आहे. इंग्लंडमधले रोनाल्ड नॉक्स हे कॅथलिक धर्मगुरू आणि रहस्यकथालेखकही. त्यांनी 1929 मध्ये या कथांसाठी दहा नियम मांडले, आणि त्यांतला दुसराच नियम अलौकिक शक्तींना मज्जाव करणारा आहे. धर्मगुरूनेच हे लिहावं, हे मला फार बोलकं वाटतं.

मग जादूच्या जगात खुनाचा तपास रंगवायचाच नाही का?

रंगवता येतो, आणि उत्तम. रँडल गॅरेट यांच्या लॉर्ड डार्सी या तपासनिसाच्या कथांतल्या युरोपात जादू हे रीतसर शास्त्र आहे. 1966 च्या ‘टू मेनी मॅजिशियन्स’मध्ये लंडनच्या हॉटेलात जादूगारांचं संमेलन भरलेलं असताना बंद खोलीत एका जादूगाराचा खून होतो. डार्सीचा सहकारी शॉन हा स्वतः जादूगार. तो मंत्रांच्या चाचण्या घेतो आणि प्रयोगशाळेतल्या अहवालासारखे निष्कर्ष सांगतो. जादूने काय होतं आणि काय होत नाही, हे वाचकाला कळत जातं. त्यामुळे तर्क लढवायला जागा उरते.

विज्ञानकथेपुढेही हीच अडचण होती. विज्ञानकथा आणि रहस्यकथा एकत्र नांदूच शकत नाहीत, असं संपादक जॉन कॅम्पबेल म्हणत. कारण ऐनवेळी नवं यंत्र काढून लेखक सुटणार. आयझॅक असिमॉव्ह यांनी ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ लिहून ते खोडून काढलं. यंत्रमानव माणसाला इजा करू शकत नाही आणि घुमटाखालच्या शहरात वाढलेल्या माणसांना उघड्या आकाशाची धास्ती वाटते, या दोन्ही गोष्टी ते आधीच सांगून ठेवतात. गुंता याच दोन अटींतून होतो आणि सुटतोही त्यांच्याच आधाराने.

खुणा अशा आधीच पेरलेल्या बघायच्या तर हॅरी पॉटरच्या तिसऱ्या पुस्तकातला, हॅरीच्या मित्राचा, रॉनचा उंदीर आठवून पाहा. त्याच्या पायाचं एक बोट तुटलेलं आहे, आणि साधा उंदीर तीनेक वर्षं जगतो असं दुकानदारीण सांगते. हा तर कितीतरी वर्षं घरात आहे. शेवट कळल्यावर वाचक मागची पानं उलटतो, आणि खुणा तिथे खरोखरच सापडतात.

म्हणून असं पुस्तक निवडताना मलपृष्ठावरच्या कौतुकावर विसंबू नये. सुरुवातीची काही प्रकरणं चाळून जादूला मर्यादा आहे का, तिची काही किंमत मोजावी लागते का, एवढं बघावं. दर दहा पानांनी नवी शक्ती उगवत असेल, तर खुनी शोधायचा नाद सोडावा आणि रुचलंच तर साहस म्हणून वाचावं. पुस्तक नेमकं कोणत्या जातीचं आहे हे ओळखण्यावर बरंच अवलंबून असतं. नारायण धारपांच्या भयकथांतल्या समर्थांची शक्ती कुठवर चालते, असा हिशेब कोणी मागत नाही. तिथे प्रश्न खुनी कोण हा नसतोच, आलेल्या संकटातून सुटका कशी होणार हा असतो. त्या कथांकडे भिंगातून बघणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मालिकेतलं पुस्तक असेल तर आणखी एक चौकशी करावी: पहिल्या खुनाचा उलगडा त्याच पुस्तकात होतो का? रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांचं ‘द टेंटेड कप’ (2024) याबाबत निर्धास्तपणे हाती घ्यावं. एका अधिकाऱ्याच्या शरीरातून झाड उगवून तो मरतो, इतकी अचाट सुरुवात. पण ती वनस्पती कशी पसरते, हे तपासातच टप्प्याटप्प्याने उघड होतं. कथेतल्या साम्राज्याचं राजकारण पुढच्या भागांसाठी उरतं, खुनाचा हिशेब मात्र पहिल्याच पुस्तकात पुरा होतो. 2025 चा ह्यूगो पुरस्कार याच कादंबरीला मिळाला.