उद्घाटनापूर्वीची भारचाचणी
(इयत्ता ६ वी व ७ वीच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

पाठाचे प्रयोजन

आज खेड्यातील प्राथमिक शिक्षकालाही शाळेची पटसंख्या व विद्यार्थ्यांच्या नोंदी संगणकावर भराव्या लागतात. मुदतीच्या शेवटच्या दिवशी पडद्यावर चक्र फिरत राहते आणि पान काही उघडत नाही, हा अनुभव बहुतेकांच्या परिचयाचा आहे. असे का घडते, ते आधी ओळखता येते काय, आणि ओळखण्याची रीत कोणती, हे प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे. विषय संगणकाचा असला तरी त्याचे मूळ साध्या त्रैराशिकात आहे. त्यामुळे वरच्या वर्गांच्या गणिताशी त्याची सांगड सहज घालता येईल.

विषयप्रवेश : हात धुण्याची रांग

एका शाळेत १८० मुले आहेत असे समजू. मध्यान्ह भोजनाची घंटा झाली की मुले प्रथम नळावर हात धुतात आणि मग ताट घेऊन वाढपाच्या रांगेत उभी राहतात. नळ दोन आहेत व एका मुलास हात धुण्यास २० सेकंद लागतात. म्हणजे दोन्ही नळांवर मिळून मिनिटाला ६ मुले हात धुतात. वाढणाऱ्या बाई मात्र मिनिटाला १२ मुलांना वाढू शकतात. तर सर्व मुलांना अन्न मिळण्यास किती वेळ लागेल?

बहुतेक मुले वाढपाच्या गतीवरून १५ मिनिटे असे उत्तर देतील. खरे उत्तर सुमारे ३० मिनिटे आहे, कारण नळावरून मिनिटाला सहाच मुले सुटतात. येथे वाढावयास दुसऱ्या बाई नेमल्या तरी एक मिनिटही वाचणार नाही. नळ दोनाचे चार केले तर मात्र वेळ निम्मा होईल. साखळीची गती तिच्यातील सर्वांत मंद टप्प्याइतकीच असते, हा या उदाहरणाचा पहिला बोध होय.

दुसरा बोध अधिक महत्त्वाचा आहे. शाळा सुरू होण्यापूर्वी कोणी चार मुलांना घेऊन ही व्यवस्था तपासली असती, तर कोठेही खोळंबा न दिसता सर्व काही उत्तम आहे असाच निर्वाळा मिळाला असता. नळ ठीक, ताटे ठीक, वाढप ठीक. आणि तरीही १८० मुले येताच अर्धी मुले उपाशी ताटकळली असती. थोड्या भाराखाली घेतलेली परीक्षा मोठ्या भाराविषयी काहीच सांगत नाही.

माहितीची जोडणी म्हणजे काय

मोठ्या संगणक-प्रणालीतही अशीच साखळी असते. नागरिक एका पानावर अर्ज भरतो. परंतु त्यामागे त्याची ओळख एका ठिकाणी, उत्पन्न दुसऱ्या ठिकाणी व नागरिकत्व तिसऱ्या ठिकाणी तपासले जाते, आणि निर्णय चौथ्या ठिकाणी कळविला जातो. या निरनिराळ्या दप्तरांमधील माहितीच्या देवघेवीस माहितीची जोडणी असे म्हणावे. लक्षावधी नोंदी अशा जोडणीतून जावयाच्या असतील, तर प्रणाली लोकांसाठी खुली करण्यापूर्वी तितकाच भार कृत्रिम रीतीने तिच्यावर घालून पाहणे अवश्य ठरते. यासच भारचाचणी म्हणतात.

अमेरिकेतील उदाहरण

ही चाचणी अपुरी राहिल्यास काय होते, याचे सुविख्यात उदाहरण अमेरिकेत २०१३ साली घडले. तेथे २०१० मध्ये आरोग्यविम्याविषयी नवा कायदा झाला होता. पूर्वीपासून आजारी असलेल्या माणसाला विमा नाकारण्याची विमा कंपन्यांना तोपर्यंत बहुतेक ठिकाणी मुभा होती. १ जानेवारी २०१४ पासून तसे करण्यास या कायद्याने मनाई केली. विमा निवडण्यासाठी केंद्र सरकारने ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ नावाचे संकेतस्थळ उभारले व ते १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुले केले. ज्या ३६ राज्यांतील नागरिकांची सोय या केंद्रीय संकेतस्थळावर होती, त्यांतील कित्येक माणसे वर्षानुवर्षे विम्याविना दिवस काढीत होती. त्यांच्या दृष्टीने हा दिवस साधा नव्हता.

पहिल्या चोवीस तासांत सुमारे ४७ लक्ष लोकांनी तेथे भेट दिली. एका वेळी ५० ते ६० हजार लोक येतील, असा अंदाज धरण्यात आला होता. प्रत्यक्षात एका वेळी सुमारे अडीच लक्ष लोक आल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले. पाने उघडेनात, अर्ज अर्ध्यावर नाहीसे होऊ लागले. पुढे संसदीय समितीने प्रसिद्ध केलेल्या कामकाजाच्या टिपणांनुसार त्या पहिल्या दिवशी केवळ ६ जणांची नोंदणी पूर्ण झाली होती.

केवळ गर्दी अनपेक्षित होती म्हणून असे झाले, असा समज करून घेणे चुकीचे होईल. उद्घाटनाला थोडे दिवस उरले असताना केवळ काही शे लोक एकाच वेळी आले आहेत असे मानून घेतलेल्या चाचणीतही प्रणाली अडकली होती, असे वृत्त नंतर प्रसिद्ध झाले. २४ ऑक्टोबर रोजी संसदेच्या समितीपुढे ठेकेदारांनी साक्ष दिली. संपूर्ण साखळीची एकत्र चाचणी सप्टेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांतच झाली. तिला काही महिने मिळावयास हवे होते, असे त्यांच्या सांगण्याचे तात्पर्य होते. आपापला भाग आपण तपासला होता, असेही त्यांचे म्हणणे होते. नळ ठीक, ताटे ठीक, वाढप ठीक, असाच हा प्रकार होय.

साखळी कोठे अडली

पहिली अडचण प्रवेशद्वाराशीच होती. विम्याचे दर नुसते पाहावयाचे असले तरी प्रथम स्वतःचे खाते उघडावे लागे. नाव न नोंदविता दर पाहण्याची सोय आधी योजिलेली होती, परंतु दोष आढळल्याने उद्घाटनापूर्वीच ती काढून टाकण्यात आली. परिणामी केवळ चौकशीस आलेला माणूसही खाते उघडणाऱ्या अरुंद दारातून जाऊ लागला. बाजारात नुसते भाव विचारणाऱ्यासही नाव-गाव लिहून घेतल्याविना आत सोडू नये, तसे हे झाले.

दुसरी अडचण परावलंबनाची. अर्जदाराची माहिती एका मध्यवर्ती माहिती-केंद्रामार्फत करखाते, सामाजिक सुरक्षा खाते इत्यादींच्या दप्तरांशी ताडून पाहिली जाई. २७ ऑक्टोबर रोजी, हे केंद्र ज्या इमारतीतील सर्व्हरांवर चालत होते, तेथील जाळ्यात बिघाड झाला. त्याबरोबर केंद्रीय संकेतस्थळाचे काम तर थांबलेच, पण ज्या राज्यांनी स्वतःची वेगळी संकेतस्थळे उभारली होती त्यांचेही काम अडले. कारण तीही याच केंद्रावर विसंबून होती.

तिसरी अडचण सर्वांत घातक, कारण ती डोळ्यांना दिसत नव्हती. नोंदणी पूर्ण झाल्यावर तिचा तपशील विमा कंपनीकडे आपोआप पाठविला जाई. ऑक्टोबर व नोव्हेंबरमध्ये पाठविलेल्या अशा तपशिलांपैकी चारांतील एकात चूक असण्याचा संभव आहे, असे शासनाने डिसेंबरमध्ये मान्य केले. काही तपशील पोहोचलेच नाहीत, काही दोनदा पोहोचले, काहींत मजकूर चुकला. पडद्यावर ‘नोंदणी झाली’ असे वाचून निश्चिंत झालेल्या माणसाचे नाव विमा कंपनीच्या दप्तरी नसणे शक्य होते, आणि हे त्याला कदाचित रुग्णालयाच्या दारातच कळले असते.

भार आपणहून कसा वाढतो

येथे एक गणिती नियम मुलांना अवश्य सांगावा. जॉन लिट्ल या अमेरिकन अभ्यासकाने तो १९६१ साली सिद्ध केला. नियम असा : एका वेळी आत असलेल्या माणसांची सरासरी संख्या ही, दर मिनिटास येणारी माणसे गुणिले प्रत्येकाचा आत राहण्याचा सरासरी काळ, याइतकी असते.

दर मिनिटास ५०० लोक येतात व प्रत्येकाचे काम २० मिनिटांत होते, असे धरल्यास एका वेळी १०,००० लोक आत असतील. आता प्रणाली मंदावली व तेच काम ६० मिनिटांवर गेले, तर एकही जादा माणूस न येता आतील गर्दी ३०,००० होईल. गर्दी वाढली की प्रणाली आणखी मंदावते. मंदावली की गर्दी आणखी वाढते. त्यातच काम न झालेला माणूस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि एकाच माणसाचा भार तिघांइतका होतो. म्हणून प्रणाली हळूहळू थकत नाही. एका मर्यादेपलीकडे ती एकाएकी कोलमडते. ही मर्यादा कोठे आहे, हे शोधणे हा भारचाचणीचा खरा हेतू होय.

चांगल्या चाचणीची लक्षणे

१. भार खऱ्यासारखा असावा. अपेक्षित गर्दीइतका भार प्रथम घालावा, आणि नंतर प्रणाली मोडेपर्यंत तो वाढवीत जावे. काही चाचण्या अनेक तास अखंड चालवाव्यात, कारण काही दोष प्रणाली दीर्घकाळ चालल्यानंतरच प्रकट होतात.

२. माहिती खऱ्यासारखी असावी. पन्नास नावांच्या वहीत नाव शोधणे आणि पन्नास लक्ष नावांत शोधणे, ही दोन निराळी कामे आहेत. खऱ्या माहितीत एकाच नावाचे दोन प्रकार, रिकाम्या जागा व दुबार नोंदी असतात. चाचणीच्या माहितीतही त्या असाव्यात.

३. सरासरीवर विसंबू नये. शंभर अर्जांपैकी ९५ अर्ज एका सेकंदात व ५ अर्ज प्रत्येकी ४१ सेकंदांत झाले, तर सरासरी ३ सेकंद येते. परंतु ३ सेकंद असा अनुभव एकालाही आलेला नाही! वर्गाच्या सरासरी गुणांत मागे पडलेले मूल दिसत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. म्हणून शंभरांतील शेवटच्या पाचांना किती वेळ लागला, हे स्वतंत्रपणे मोजावे.

४. दोन्ही टोकांचा मेळ घालावा. किती नोंदी पाठविल्या, किती पोहोचल्या, व पोहोचलेल्यांतील मजकूर तोच आहे काय, हे ताडून पाहावे.

५. चाचणीनंतर दुरुस्तीस अवकाश असावा. उत्तरपत्रिका तपासल्यावर मुलाला पुन्हा शिकविण्यास दिवसच उरला नसेल, तर ती परीक्षा केवळ उपचार ठरते.

उदाहरणाचा शेवट

या प्रणालीची दुरुस्ती पुढे झाली, हेही मुलांना सांगितले पाहिजे. बाहेरून अनुभवी माणसे बोलावण्यात आली. प्रत्येक टप्प्यावर काय चालले आहे हे सतत मोजले जाऊ लागले, सर्व्हर वाढविण्यात आले व चारशेहून अधिक दोष काढण्यात आले. १ डिसेंबर २०१३ रोजीच्या शासकीय अहवालानुसार, पूर्वी सरासरी ८ सेकंदांनी मिळणारा प्रतिसाद एका सेकंदाच्या आत मिळू लागला आणि एका वेळी ५०,००० लोकांचे काम होऊ शकेल इतकी क्षमता आली. जादा गर्दी झाल्यास लोकांना रांगेत थांबवून पुन्हा कळविण्याची सोयही करण्यात आली. एप्रिल २०१४ पर्यंत केंद्रीय संकेतस्थळावरून सुमारे ५४ लक्ष लोकांनी विमा निवडला.

तेथील आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०१६ साली या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्पष्ट नेतृत्वाचा अभाव हे त्यात अपयशाचे प्रमुख कारण सांगितले आहे. प्रत्येक भागाला धनी होता, संपूर्ण साखळीला नव्हता. चाचणी दोष दाखवू शकते. तो पाहून ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार व धैर्य मात्र कोणा माणसाकडेच असावे लागते.

वर्गातील उपक्रम

मैदानावर तीन टप्पे मांडावेत : नाव लिहिणे, नाव हजेरीपटाशी ताडणे व चिठ्ठी देणे. प्रथम तीन मुलांना पाठवून वेळ मोजावा व नंतर तीस मुलांना एकदम पाठवावे. रांग कोठे साचते ते मुलांनीच ओळखावे, आणि तेथे एक मूल मदतीस देऊन पुन्हा वेळ मोजावा. शेवटी दिलेल्या चिठ्ठ्या व लिहिलेली नावे ताडून पाहावीत. एखादी चूक बहुधा सापडेलच. तिच्याबद्दल कोणालाही रागावू नये, ती शोधणाऱ्याचे कौतुक करावे.

स्वाध्याय

१. तीन टप्प्यांची क्षमता मिनिटाला अनुक्रमे ४०, २५ व ६० अर्ज आहे. एका तासात ३,००० अर्ज आले, तर किती पूर्ण होतील व किती उरतील? (उत्तर : सुमारे १,५०० पूर्ण, १,५०० शिल्लक.)

२. दर मिनिटास ३०० लोक येतात व प्रत्येकास १५ मिनिटे लागतात. हा काळ ४५ मिनिटांवर गेल्यास आतील गर्दी कितीवरून कितीवर जाईल? (उत्तर : ४,५०० वरून १३,५०० वर.)

३. १,२०० नोंदी पाठविल्या व १,२०० पोहोचल्या. सर्व माहिती बिनचूक पोहोचली, असे म्हणता येईल काय? (उत्तर : नाही. काही गहाळ व तितक्याच दुबार झाल्या असतील, तरीही संख्या जुळेल; शिवाय मजकूर चुकलेला असू शकेल.)

तिसऱ्या प्रश्नावर विशेष चर्चा घडवून आणावी. बेरीज जुळली म्हणजे काम झाले, असे मानण्याची सवय मुलांना लहानपणीच लागते. प्रत्येक नोंदीमागे एक माणूस असतो. नुसती बेरीज जुळून त्याचे काम झालेले नसते. एवढे मुलांच्या मनावर ठसले, तरी पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.